कीर्तीच्या शिखरावरून कोसळलेला अभियंता

कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीवर क्यूबेक शहराजवळ जगातील सर्वांत लांब गाळ्याचा पूल उभा राहत होता. २९ ऑगस्ट १९०७ रोजी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास दिवसाचे काम संपल्याची शिट्टी वाजली. पुलाच्या दक्षिणेकडील बाजूवर त्या वेळी ८६ कामगार होते. काही क्षणांतच प्रचंड आवाज झाला आणि सुमारे १९ हजार टन पोलाद पंधरा सेकंदांच्या आत नदीच्या पात्रात आणि काठावर कोसळले. ७५ जण मृत्युमुखी पडले. वादळ आले नव्हते, भूकंपही झाला नव्हता. पूल पडला तो स्वतःच्याच वजनाने, आणि तोही अर्धवट बांधलेला असताना.

या पुलाचा आराखडा ज्यांच्या संमतीशिवाय एका रेघेनेही बदलू शकत नव्हता, ते थिओडोर कूपर त्या वेळी शेकडो मैल दूर न्यूयॉर्कमध्ये होते. अमेरिकेतील पूलबांधणीच्या क्षेत्रात त्यांच्या तोडीचे नाव क्वचितच होते. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीवर कळस चढवणारे हे काम त्यांनी उतारवयात हाती घेतले होते. प्रत्यक्षात त्याच कामाने त्यांचे नाव अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत एका दुर्घटनेशी कायमचे जोडले.

घडणीची वर्षे

थिओडोर कूपर यांचा जन्म १२ जानेवारी १८३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील कूपर्स प्लेन्स या गावी झाला. वडील डॉक्टर होते. ट्रॉय येथील रेन्सलर संस्थेतून १८५८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मिळवली. रेल्वेचे जाळे वेगाने पसरत होते आणि तरुण अभियंत्यांना कामाची वाण नव्हती. मॅसॅच्युसेट्समधील हूसॅक बोगद्याच्या कामावर त्यांनी सुरुवातीचे धडे गिरवले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि कूपर नौदलात सहायक अभियंता म्हणून दाखल झाले. युद्धकाळात ते चोकुरा या गनबोटीवर होते. पुढे नौदलाच्या प्रबोधिनीत त्यांनी अध्यापन केले, दक्षिण पॅसिफिकमध्ये सागरी सेवाही बजावली. १८७२ मध्ये त्यांनी नौदलाचा राजीनामा दिला आणि त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले.

मिसिसिपी नदीवर सेंट लुईस येथे कॅप्टन जेम्स ईड्स एक अभूतपूर्व पूल बांधत होते. तोवर मोठे पूल बीडाचे आणि घडीव लोखंडाचे असत. ईड्स यांनी मुख्य कमानींसाठी पोलाद वापरण्याचे धाडस केले होते. कारखान्यातून येणारे पोलाद तपासण्यासाठी त्यांनी कूपर यांची नेमणूक केली. त्या काळी पोलादाची प्रत एका घाण्यातून दुसऱ्या घाण्यात बदलत असे. प्रत्येक भाग पारखून घ्यावा लागे आणि निकृष्ट माल निर्दयपणे परत पाठवावा लागे. कूपर यांनी ते काम इतके चोख केले, की पुढे पुलाच्या प्रत्यक्ष उभारणीची जबाबदारीही त्यांच्याकडेच सोपवण्यात आली.

या पुलावरच्या दोन घटना त्यांच्या पुढच्या आयुष्याच्या संदर्भात विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. एकदा काम सुरू असताना कूपर यांचा तोल गेला आणि ते सुमारे ९० फूट उंचीवरून मिसिसिपीच्या पाण्यात पडले. पोहत बाहेर आले, कपडे बदलले आणि त्याच दिवशी पुन्हा कामावर हजर झाले. साइटवर स्वतः उभे राहून काम करवून घेणारा अभियंता अशी त्यांची ओळख झाली ती अशा प्रसंगांतून.

दुसरी घटना जानेवारी १८७४ मधली. कमानींचे दोन्ही हात मध्यभागी जोडले गेले होते. तोवर हे हात वरून तारदोरांनी ताणून धरलेले होते. एका रात्री कमानीच्या दोन पोलादी नळ्यांना तडे गेल्याचे कूपर यांच्या लक्षात आले. ईड्स तेथे नव्हते. कूपर यांनी वेळ न दवडता त्यांना तार केली. कमान जुळल्यानंतरही तारदोर पुरेसे सैल केले गेले नसावेत आणि त्यांच्या ओढीमुळेच नळ्यांवर ताण येत असावा, हे ईड्स यांनी दूर बसून ताडले. दोर सैल करण्याची सूचना गेली, ती तत्काळ अमलात आली आणि पूल वाचला. पूल पूर्ण झाल्यावर मजबूत असणे वेगळे आणि बांधला जात असताना सुरक्षित असणे वेगळे, हा धडा कूपर यांनी वयाच्या पस्तिसाव्या वर्षीच घेतला होता. तार वेळेवर पोहोचली आणि तिच्यावर लगेच कृती झाली तर काय साधते, हेही त्यांनी पाहिले होते.

लोखंडी पुलांचा शास्ता

सेंट लुईसनंतर कूपर यांनी डेलावेअर ब्रिज कंपनी आणि पिट्सबर्गची कीस्टोन ब्रिज कंपनी यांत जबाबदारीची पदे सांभाळली. १८७९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये सल्लागार अभियंता म्हणून स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. प्रॉव्हिडन्सचा सीकाँक पूल, पिट्सबर्गचा सिक्स्थ स्ट्रीट पूल अशी कामे त्यांच्या नावावर जमा झाली.

त्यांचे खरे कर्तृत्व मात्र एखाद्या विशिष्ट पुलात नव्हते. त्या काळात अमेरिकेत रेल्वेपूल कोसळण्याच्या घटना वारंवार घडत. कोणी किती जाडीचे पोलाद वापरावे, किती भार गृहीत धरावा, याचे एकमत नव्हते. कूपर यांनी १८८४ मध्ये रेल्वेपुलांसाठी लोखंड व पोलादाच्या वापराचे सर्वसाधारण नियम प्रसिद्ध केले. देशभरच्या रेल्वे कंपन्यांनी ते आधारभूत मानले. १८९४ मध्ये त्यांनी इंजिनांच्या चाकांचा भार मोजण्याची एक प्रमाणित पद्धत मांडली. पुलावरून कोणते इंजिन धावेल याचा वेगवेगळा हिशेब करण्याऐवजी एका ठरावीक मापाने सर्व पूल तोलता येऊ लागले. उत्तर अमेरिकेतील रेल्वेपुलांचा आराखडा करताना ही पद्धत आजही कूपर यांच्याच नावाने वापरली जाते. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनीअर्सचे मानाचे नॉर्मन पदक त्यांना मिळाले. हडसन नदीवर किती लांबीचा गाळा टाकता येईल हे ठरवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी १८९४ मध्ये नेमलेल्या पाच तज्ज्ञांतही त्यांचा समावेश होता.

एवढे सगळे असूनही एक उणीव राहिली होती. जगाने मान वर करून पाहावा असा एखादा भव्य पूल कूपर यांच्या नावावर नव्हता. ही संधी त्यांना क्यूबेकने दिली.

क्यूबेकचे आमंत्रण

सेंट लॉरेन्स ही कॅनडाची जीवनवाहिनी. क्यूबेकजवळ नदी रुंद, खोल आणि भरती-ओहोटीची आहे. हिवाळ्यात तिच्यातून बर्फाचे प्रचंड तुकडे वाहतात. येथे रेल्वेपूल बांधण्यासाठी १८८७ मध्ये क्यूबेक ब्रिज कंपनी स्थापन झाली. पण अनेक वर्षे कंपनीच्या तिजोरीत खडखडाट होता. तिचे मुख्य अभियंता एडवर्ड होर यांनी ३०० फुटांहून लांब गाळ्याच्या पुलावर कधी काम केले नव्हते. साहजिकच एखाद्या नामांकित सल्लागाराची गरज भासली.

कंपनीकडे आलेल्या निविदा तपासण्याचे काम कूपर यांना मिळाले. १८९९ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियातील फिनिक्स ब्रिज कंपनीचा कॅन्टिलिव्हर पद्धतीचा आराखडा सर्वांत चांगला आणि स्वस्त ठरवला. मे १९०० मध्ये ते पुलाचे सल्लागार अभियंता झाले. वय ६१ होते.

कॅन्टिलिव्हर पूल म्हणजे काय, हे समजण्यासाठी खांद्यावर कावड घेतलेला माणूस डोळ्यांपुढे आणावा. नदीतील मुख्य खांब म्हणजे तो माणूस. कावडीचा एक बाहू पाण्यावर पुढे सरकत जातो, दुसरा काठाकडे असतो आणि त्याचे टोक जमिनीत पक्के जखडलेले असते. पाण्यावरचा बाहू जसजसा लांबतो, तसतसे काठाकडचे टोक वर उचलले जाऊ पाहते, पण जखडलेले असल्याने उचलले जात नाही. अशा वेळी वरच्या बाजूचे पोलाद ताणले जाते आणि खालच्या बाजूच्या मुख्य तुळया दोन्हीकडून दाबल्या जातात. खांबाजवळच्या खालच्या तुळयांवर हा दाब सर्वांत जास्त असतो. नदीत खालून आधार न देता पूल पुढे नेता येतो, हा या पद्धतीचा मोठा फायदा. मात्र बांधकाम चालू असताना प्रत्येक नव्या तुकड्याबरोबर मागच्या भागावरचा दाब वाढत जातो, हा तिचा धोका.

वाढलेला गाळा, न वाढलेला हिशेब

मूळ आराखड्यात मुख्य गाळा १६०० फुटांचा होता. कूपर यांनी तो १८०० फूट करण्याची शिफारस केली. त्यामागे व्यवहार्य कारणे होती. खांब काठाजवळच्या उथळ पाण्यात आले, की पाया लवकर आणि कमी खर्चात होणार होता, बर्फाचा त्रासही कमी होणार होता. त्याच वेळी स्कॉटलंडमधील फर्थ ऑफ फोर्थवरच्या पुलाचा १७१० फुटांचा जागतिक विक्रमही मागे पडणार होता. कूपर यांच्या निर्णयात या महत्त्वाकांक्षेचा वाटा किती होता, यावर अभ्यासकांत आजही चर्चा होते.

मोठ्या पुलाच्या बाबतीत एक गोष्ट सामान्य माणसाच्या ध्यानात सहसा येत नाही. असा पूल वाहनांपेक्षा स्वतःचेच वजन अधिक पेलत असतो. गाळा लांबला की पोलाद वाढते, पोलाद वाढले की वजन वाढते आणि ते वजन पेलायला आणखी पोलाद लागते. त्यामुळे गाळा २०० फुटांनी वाढल्यावर पुलाच्या वजनाचा हिशेब मुळापासून नव्याने करणे आवश्यक होते. तो झाला नाही. फिनिक्स कंपनीचे आराखडा अभियंता पीटर श्लाप्का यांनी जुन्या अंदाजावर पुढचे काम केले आणि कूपर यांनी ते तपासून मान्य केले.

याला पैशाच्या चणचणीची पार्श्वभूमी होती. १९०३ पर्यंत पैशाअभावी वरच्या पोलादी भागाच्या आराखड्यावर नीट काम झालेच नाही. त्या वर्षी कॅनडा सरकारने कर्जाची हमी दिली आणि मग एकाएकी घाई सुरू झाली. एवढ्या मोठ्या तुळया यापूर्वी कोणी बनवल्या नव्हत्या, तरी त्यांच्या नमुन्यांच्या चाचण्या घेण्यास वेळ आणि पैसा कोणी दिला नाही. शिवाय कूपर यांनी पोलादावर पडणाऱ्या दाबाची मर्यादा प्रचलित पद्धतीपेक्षा बरीच वर नेली होती. अत्यंत प्रतिकूल स्थितीत दर चौरस इंचाला २४ हजार पौंडांपर्यंत दाब त्यांनी मान्य केला होता.

कॅनडाच्या रेल्वे आणि कालवे खात्यातील अभियंता रॉबर्ट डग्लस यांना हे आकडे खटकले. खात्याने आपला स्वतंत्र तज्ज्ञ नेमून आराखडे तपासावेत, असा प्रस्ताव पुढे आला. कूपर यांना तो आपल्या अधिकाराचा अवमान वाटला. त्यांनी कडाडून विरोध केला. ऑगस्ट १९०३ मध्ये सरकारने माघार घेतली आणि अंतिम शब्द कूपर यांचाच राहील अशी व्यवस्था झाली. त्या दिवसापासून कूपर यांची चूक दाखवून देऊ शकेल असा कोणीही या साखळीत उरला नाही.

दूरवरचा कारभार

मे १९०३ मध्ये कूपर क्यूबेकला जाऊन आले. ती त्यांची शेवटची भेट ठरली. पोलादी सांगाडा उभा राहू लागला त्यानंतर, १९०५ मध्ये. तो त्यांनी डोळ्यांनी कधीच पाहिला नाही. प्रकृती साथ देत नव्हती, प्रवासाला डॉक्टरांची मनाई होती. मानधन इतके बेताचे होते, की कार्यालयात हाताखाली पुरेसे सहकारी ठेवणेही त्यांना शक्य नव्हते. जगातील सर्वांत मोठ्या पुलाचे आराखडे हा वृद्ध माणूस जवळजवळ एकहाती तपासत होता.

साइटवर आपले डोळे म्हणून त्यांनी नॉर्मन मॅक्ल्युअर या तरुण अभियंत्याला नेमले. मॅक्ल्युअर प्रामाणिक आणि दक्ष होते. परंतु नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडलेले होते. काम थांबवण्याचा हुकूम अनुभवी कंत्राटदाराला द्यावा, एवढे वजन त्यांच्या शब्दाला नव्हते. होर यांच्याकडे पद होते, पण अनुभव नव्हता. फिनिक्स कंपनीकडे अनुभव होता, पण तिची भिस्त कूपर यांच्या संमतीवर होती. प्रत्येक जण दुसऱ्याच्या भरवशावर होता.

पहिला स्पष्ट इशारा फेब्रुवारी १९०६ मध्ये मिळाला. प्रत्यक्ष वापरले जाणारे पोलाद अंदाजापेक्षा बरेच जड भरत असल्याचे माल तपासनिसाच्या अहवालातून कूपर यांना कळले. मूळ अंदाज सुमारे ६ कोटी २० लाख पौंडांचा होता. वजन ७ कोटी ३० लाख पौंडांच्या घरात जात होते. तोवर दक्षिणेकडील बाहूचा मोठा भाग तयार होऊन उभाही राहू लागला होता. पर्याय दोनच होते. झालेले काम मोडून पुन्हा सुरुवात करायची, किंवा वाढीव दाब सहन होईल असे मानून पुढे जायचे. दाब सात ते दहा टक्क्यांनीच वाढेल असा हिशेब कूपर यांनी केला आणि काम चालू ठेवण्यास संमती दिली.

अखेरचे दिवस

१९०७ च्या उन्हाळ्यात पुलाचा दक्षिण बाहू मुख्य खांबाच्या पुढे पाण्यावर दूरवर गेला होता. जूनमध्ये मॅक्ल्युअर यांनी खालच्या तुळयांच्या जोडांत किंचित फरक दिसत असल्याचे कळवले. अशा किरकोळ गोष्टी घडतच असतात, असा सर्वांचा समज झाला. ६ ऑगस्टला पाण्यावरच्या बाहूतील दोन तुळया वाकल्याचे वृत्त गेले. कूपर यांनी हे कसे घडले अशी तारेने विचारणा केली. फिनिक्स कंपनीचे मुख्य अभियंता जॉन डीन्स यांनी तुळया कारखान्यातूनच तशा आल्या असाव्यात असे उत्तर दिले. ते कूपर यांना पटले नाही. पत्रे जात-येत राहिली आणि पुलावर पोलाद चढत राहिले. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आणखी तुळयांत वाक दिसला.

२७ ऑगस्टला मॅक्ल्युअर यांनी काठाकडच्या बाहूतील, मुख्य खांबाजवळची, ए-९-एल या क्रमांकाची तुळई मोजली. सुमारे ५७ फूट लांबीच्या या तुळईत आठवडाभरापूर्वी पाऊण इंच वाक होता. आता तो सव्वादोन इंच भरला. ही तुळई दोन वर्षांपूर्वी गोदामाच्या आवारात पडून वाकली होती आणि दुरुस्त केली गेली होती. त्यामुळे वाक जुनाच आहे, असे म्हणायला वाव मिळाला. परंतु आठवड्यात तिपटीने वाढणारा वाक जुना कसा असेल, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

दाबाखालची तुळई वाकू लागली की तिच्या मध्यावर दाब तिरका पडतो. तिरक्या दाबाने वाक वाढतो आणि वाढलेल्या वाकाने दाब आणखी तिरका होतो. हे चक्र एका मर्यादेपलीकडे गेले, की तुळई क्षणार्धात मुडपते. पोलाद तुटण्याची वाट ती पाहत नाही.

साइटवरचे मुख्य मुकादम बेंजामिन येन्सर यांनी २७ तारखेला काम थांबवले होते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सुरू झाले. काम बंद ठेवले तर कामगार बिथरतील, हंगाम हातचा जाईल, अशी होर यांना चिंता होती. निर्णय घेण्याचा अधिकार असलेला एकही अनुभवी पूल अभियंता तेथे नव्हता. म्हणून मॅक्ल्युअर यांना कूपर यांचा सल्ला घेण्यासाठी न्यूयॉर्कला पाठवण्यात आले.

२९ ऑगस्टला सकाळी साडेअकराच्या सुमारास मॅक्ल्युअर कूपर यांच्या कार्यालयात पोहोचले. आकडे ऐकताच कूपर यांना गांभीर्य उमगले. साडेबाराच्या आत त्यांनी फिनिक्स कंपनीला तार केली, की सर्व बाबींचा नीट विचार होईपर्यंत पुलावर आणखी भार चढवू नये. थेट क्यूबेकला त्यांनी तार केली नाही. ती मॅक्ल्युअर करतील अशी त्यांची समजूत होती. पेनसिल्व्हेनियाची गाडी गाठण्याच्या घाईत मॅक्ल्युअर यांच्याकडून ते राहून गेले. डीन्स यांच्या हाती तार दुपारी तीनच्या सुमारास पडली. त्यांनी काम थांबवण्याचा हुकूम पाठवला नाही. पाचच्या सुमारास मॅक्ल्युअर पोहोचल्यावर बैठक झाली आणि पुढचा विचार सकाळी करायचे ठरले. साधारण त्याच वेळी क्यूबेकला पूल कोसळत होता.

तेहतीस वर्षांपूर्वी सेंट लुईसच्या एका तारेने पूल वाचवला होता. या वेळी तार निघाली, पोहोचली, वाचलीही गेली. पण ज्या माणसांनी पुलावरून खाली उतरायला हवे होते त्यांच्यापर्यंत ती गेलीच नाही.

मृतांत येन्सर होते. मॉन्ट्रियलजवळच्या कानावाके येथील मोहॉक जमातीचे ३३ पुरुष होते. उंच पोलादावर निर्भयपणे काम करण्यात या जमातीचा हातखंडा होता. एका लहानशा वस्तीतील इतकी घरे एका संध्याकाळी उघडी पडली. पोलादात अडकलेल्या काही जखमींना चढत्या भरतीमुळे वाचवता आले नाही. काठावरचे लोक असहायपणे पाहत राहिले. यानंतर गावातील सर्व पुरुषांनी एकाच कामावर जाऊ नये असा आग्रह कानावाकेच्या स्त्रियांनी धरला, असे सांगितले जाते. तेथील दफनभूमीत पोलादी तुळयांचे क्रूस आजही उभे आहेत.

चौकशी आणि निष्कर्ष

कॅनडा सरकारने तातडीने हेन्री होलगेट, जे. जी. जी. केरी आणि प्रा. जॉन गॅलब्रेथ या तीन अभियंत्यांचा शाही आयोग नेमला. आयोगाने साक्षी घेतल्या, अवशेष तपासले. कूपर यांची साक्ष घेण्यासाठी आयोग न्यूयॉर्कला गेला. फिनिक्स कंपनीच्या क्षमतेवर आपण विसंबून होतो, अशी भूमिका कूपर यांनी मांडली.

१९०८ च्या अहवालात आयोगाने कारण नेमके सांगितले. मुख्य खांबाजवळच्या काठाकडील बाहूतील खालच्या तुळया मुडपल्या आणि त्यांच्यामागे सारा सांगाडा गेला. दोष आराखड्यात होता. प्रत्येक तुळई म्हणजे पोलादाच्या चार उभ्या भिंती होत्या आणि त्या आडव्या-तिरप्या पट्ट्यांच्या जाळीने एकत्र बांधल्या होत्या. ही जाळी आणि तिचे रिव्हेट फारच कमकुवत होते. उसाच्या मोळीचे उदाहरण घेता येईल. चार ऊस करकचून बांधले तर ते एका जाड खांबासारखे उभे राहतात. बंध सैल असला तर प्रत्येक ऊस वेगवेगळा वाकतो. पुढे तुळईच्या एक तृतीयांश आकाराच्या नमुन्यावर चाचणी घेण्यात आली, तेव्हा जाळीचे रिव्हेटच आधी तुटले. ही चाचणी पूल बांधण्यापूर्वी झाली असती, तर पुढचा अनर्थ टळला असता.

आयोगाने श्लाप्का आणि कूपर यांच्या निर्णयातील चुकांना जबाबदार धरले. मात्र ही चूक अज्ञानातून, कर्तव्यातील हयगयीतून किंवा पैसे वाचवण्याच्या हव्यासातून झाली, असे म्हणता येणार नाही, असेही नमूद केले. अनुभवी मुख्य अभियंता न नेमणे ही क्यूबेक ब्रिज कंपनीची चूक होती आणि जबाबदार व्यक्तींनी अधिक शहाणपण दाखवले असते तर प्राणहानी टळू शकली असती, हे दोन निष्कर्ष अहवालातील सर्वांत बोलके आहेत. पूल वाचवणे त्या आठवड्यात कदाचित कोणाच्याच हाती उरले नव्हते. माणसे वाचवणे मात्र अखेरच्या दिवसापर्यंत शक्य होते.

कूपर यांच्यावर खटला झाला नाही. पण त्यांची कारकीर्द तेथेच संपली. ते सार्वजनिक जीवनातून निवृत्त झाले आणि पुढची बारा वर्षे न्यूयॉर्कमध्ये एकाकीपणे राहिले. त्यांनी विवाह केला नव्हता.

क्यूबेकचा पूल सरकारने पुन्हा बांधायला घेतला. नव्या आराखड्यात खालच्या तुळयांतील पोलाद पहिल्याच्या दुपटीहून अधिक होते. तरीही संकट टळले नाही. ११ सप्टेंबर १९१६ रोजी मधला गाळा वर उचलला जात असताना आधाराचा एक ओतीव भाग मोडला. गाळा नदीत पडून १३ जणांचा बळी गेला. अखेर सप्टेंबर १९१७ मध्ये नवा गाळा यशस्वीपणे बसवण्यात आला. कूपर यांनी ठरवलेली १८०० फुटांची, म्हणजे ५४९ मीटरची लांबी कायम राहिली आणि कॅन्टिलिव्हर पुलांतील तो विक्रम आजही अबाधित आहे. १८०० फुटांचे स्वप्न अशक्य नव्हते, हे त्यातून सिद्ध झाले. अपुरा होता तो त्यामागचा हिशेब.

२२ ऑगस्ट १९१९ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते पुलाचे औपचारिक उद्घाटन झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी, २४ ऑगस्टला, कूपर यांनी न्यूयॉर्कमधील राहत्या घरी अखेरचा श्वास घेतला. त्यांचे वय ८० होते.

कॅनडातील अभियंते पदवीनंतर एका विधीत शपथ घेतात आणि करंगळीत साधी लोखंडी अंगठी घालतात. १९२५ पासून चालत आलेल्या या विधीची संहिता मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांनी लिहिली. अंगठ्यांचे लोखंड क्यूबेकच्या पडलेल्या पुलातले होते ही आख्यायिका खरी नाही. पण ती इतकी वर्षे टिकून राहिली आहे, यातच त्या दुर्घटनेची खोली दिसते. आराखड्यावर सही करताना अंगठी कागदाला घासते आणि चुकीची किंमत कोण मोजतो याची आठवण देते. कूपर यांच्याकडे बुद्धी, अनुभव आणि सचोटी यांची वाण नव्हती. आपला हिशेब दुसऱ्या कोणी तपासू नये, असा आग्रह त्यांनी एकदा धरला आणि तो मान्य झाला. त्या मान्यतेची किंमत ज्या ७५ जणांनी मोजली, त्यांना त्या वादाची कल्पनाही नव्हती.